हेल्पर नको, मेकॅनिक व्हा : आयटीआय निवडताना आपल्या पोरांनी काय पाहावे?



दहावीचा निकाल लागला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे सल्ले ऐकू येतात. पोरगा ऐंशी-नव्वद टक्क्यांचा असला की त्याला नीट, जेईई आणि पुढच्या एमपीएससीचे रस्ते दाखवणारे दहा जण भेटतात. तोच पोरगा पन्नास-पंचावन्न टक्क्यांचा असला की सल्ला एका वाक्यात संपतो : "टाक त्याले गॅरेजवर, शिकून जाईन." फारच काळजीवाहू कोणी असला तर म्हणतो, "आयटीआय करून घे म्हणा." पण कोणती आयटीआय, कोणता ट्रेड, एक वर्षाचा की दोन वर्षांचा, सरकारी की खासगी, आणि त्यानंतर काय, यावर कोणी बोलत नाही. आपल्या संघटनाही बोलत नाहीत. गुणवंतांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतात. उरलेल्या पोरांचे काय झाले हे आपल्याला थेट चार वर्षांनी कळते, कुठल्यातरी ढाब्याशेजारच्या गॅरेजवर तो ट्रकखालून बाहेर येतो तेव्हा.

आमचे म्हणणे साधे आहे. मोटार मेकॅनिकचे शिक्षण कुठे आणि कसे घ्यायचे हा त्या एका घराचा खासगी प्रश्न नाही, तो आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे. कारण आपल्या समाजाला या देशात काम कधीच नाकारले गेले नाही. नाकारले गेले ते कौशल्याचे काम आणि त्या कौशल्याचा कागद. हेल्पर आणि मेकॅनिक यांच्यात जो फरक आहे, त्याच फरकावर पिढ्यान्पिढ्या आपल्याला अडवले गेले.

मनमाडचे अर्धे भाषण आपण वाचलेच नाही

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातले सूत्र आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामाची जी उलटतपासणी केली, ती आपण फारशी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टर केले जात नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वेच्या वर्कशॉपातही तो हमाल म्हणून राबतो, मेकॅनिक किंवा फोरमनच्या जागेपर्यंत क्वचितच पोचतो. हे त्यांचे निरीक्षण होते. आणि जीआयपी म्हणजे तरी कोणती रेल्वे? भुसावळहून शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरकडे जाणारी आपलीच लाईन.

मुंबईच्या गिरण्यांत तेच होते. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो. म्हणजे जिथे हाताला कौशल्य लागते आणि त्या कौशल्याला दाम मिळतो, नेमक्या त्याच दारावर जात उभी होती.

म्हणून जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी काय मागितले ते पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसे मागितले. आणि त्याच कागदात सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे अशी मागणीही केली. बॅरिस्टर झालेला, दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट घेतलेला माणूस वर्कशॉपातल्या उमेदवारीसाठी सरकारशी भांडत होता. त्याला ते काम हलके वाटले नाही. मग आपल्याला का वाटते?

"बाबासाहेबांनी उच्च शिक्षण सांगितले, तुम्ही पाना हातात देता?"

हा आक्षेप आम्हाला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढीजात हातमजुरी आली, त्याने 'हाताचे काम' या शब्दाकडे संशयाने पाहणे साहजिक आहे. शिवाय आजचे राज्यकर्ते कौशल्याच्या नावाखाली काय विकतात हेही दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिच्यातले अठरा व्यवसाय वाचा. चांभार, न्हावी, धोबी, कुंभार, लोहार, सुतार, टोपल्या-झाडू बनवणारे. ही बलुतेदारीचीच यादी आहे. बापाचा धंदा पोराने करावा, त्याला 'गुरु-शिष्य परंपरा' म्हणावे आणि वर कर्ज द्यावे. जात म्हणजे श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले होते.

पण मोटारीचे इंजिन या यादीत बसत नाही. मोटार बाहेरून आली, ती कोणत्याही जातीचा पिढीजात धंदा नाही. तिचे शिक्षण सरकारी शाळेत, छापील अभ्यासक्रमाने, परीक्षा घेऊन दिले जाते. जातीने लादलेला धंदा आणि स्वतः निवडून शिकलेले कौशल्य यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने आपल्या पोराला कॉमर्सला घालून पुढे मोबाईलच्या दुकानात आठ-दहा हजारांवर उभे केले तरी त्यात उच्च शिक्षण कुठे आहे ते सांगावे.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पास झालेल्या मुलाला योग्य शाखेच्या पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. पॉलिटेक्निक झाले की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलची पदविका असली की एमपीएससीमार्फत सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा देता येते. गाडीखाली झोपणारा पोरगा उद्या आरटीओत गाडी पास करणारा अधिकारी होऊ शकतो. अट एवढीच की पहिली पायरी नीट निवडलेली पाहिजे. ती चुकली तर पुढचे जिने बंद होतात, आणि हेच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

"गॅरेजवरच शिकेल की, कागद कशाला?"

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. अमरावती-अकोल्याच्या बायपासवर, एमआयडीसीत, तालुक्याच्या एसटी स्टँडमागे शेकडो गॅरेज आहेत. तिथले बहुतेक मिस्त्री कधी शाळेत शिकलेले नाहीत, पण इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतात. त्यांच्या हाताला आमचा सलाम आहे. त्यात मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांनाही या राज्याने कधी शाळेचे दार उघडून दिले नाही, म्हणून त्यांनी बापाकडून, मामाकडून हुन्नर उचलला. प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नाहीच. प्रश्न असा आहे की नात्यागोत्यातून चालणाऱ्या शिक्षणात ज्याचे नाते नाही त्याचे काय होते?

आपला पोरगा तिथे जातो तेव्हा तो कोणाचा भाचा नसतो. दोन वर्षे तो चहा आणतो, पाने धुतो, टायर खोलतो. इंजिन उघडायची वेळ आली की मिस्त्री आपल्या माणसाला हाक मारतो. आपला पोरगा बाजूला उभा राहून बॅटरी धरतो. पाच वर्षांनीही तो हेल्परच असतो, आणि गॅरेज सोडले तर पाच वर्षांचा एक कागद त्याच्याजवळ नसतो.

शिवाय गाडी बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाचीच नवी वाहने विकली जातात. दुचाकीतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. डिझेल इंजिनात कॉमन रेल आहे, सेन्सर आहेत, सगळ्यावर संगणकाचा ताबा आहे. बिघाड शोधायला स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो. त्यावर विजेची वाहने आली, ज्यांच्या बॅटरीला चुकीचा हात लागला तर जीव जाऊ शकतो. नुसते पाहून पाहून शिकण्याचे दिवस सरत आहेत. आज जो कागद आणि स्कॅनर दोन्ही घेऊन उभा राहणार नाही, त्याच्या वाट्याला उद्या पंक्चर आणि ग्रीसिंगच उरेल.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण साधारण १०५ तासांत झाले आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. मोठमोठे फलक लागले. त्या रस्त्यावरून आज रात्रंदिवस ट्रक, ट्रेलर, ट्रॅव्हल्स धावतात. या धावण्यातून जो रोजगार निघतो, त्यातला कोणता हिस्सा आपला? गाडी धुण्याचा की गाडी दुरुस्त करून जॉब कार्डवर सही करण्याचा? तो दहावीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत ठरतो.

मग निवडायचे कसे?

आता मुद्द्यावर येऊ. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे नीट वाचावे, आणि शक्य तर छापून वस्तीत लावावे.

पहिली गोष्ट, शासकीय आयटीआयला पहिली पसंती द्या. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तालुक्यांच्या ठिकाणीही आहेत. फी नाममात्र, आरक्षण पक्के. पण प्रत्येक तालुक्याच्या संस्थेत मोटार मेकॅनिकचा ट्रेड असेलच असे नाही. म्हणून जवळची संस्था म्हणून डोळे झाकून पहिला विकल्प भरू नका. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाईन प्रक्रियेतून होतात. विकल्पांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याची वेळ येते. सायबर कॅफेवाल्याला शंभर रुपये देऊन 'भरून टाक काहीतरी' म्हणणे म्हणजे पोराची दोन वर्षे त्याच्या हवाली करणे आहे. त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मग बटण दाबा.

दुसरी गोष्ट, ट्रेडची नावे नीट समजून घ्या. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याला दहावी पास, विज्ञान आणि गणितासह, अशी अट आहे. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा आहे. दुचाकी-तीनचाकी दुरुस्तीचा वेगळा ट्रेड आहे, ट्रॅक्टरचा वेगळा, विजेच्या वाहनांचा वेगळा. घरी अडचण असेल, एक वर्षात कमाईला लागणे भागच असेल, तर डिझेल मेकॅनिक वाईट नाही. आपल्या भागात ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पंप, ट्रक सगळे डिझेलवर चालते. पण जमत असेल तर आमचा आग्रह दोन वर्षांच्या ट्रेडचा आहे. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा दोन वर्षांच्या आयटीआयवर उघडतो. एक वर्ष वाचवायला जाऊन पोराचा पुढचा जिना तोडू नका.

तिसरी गोष्ट, 'मान्यताप्राप्त' या शब्दाला भुलू नका. रस्त्यावरच्या प्रत्येक फलकावर तो असतो. विचारायचे एवढेच : शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार का? त्या संस्थेची आणि त्याच ट्रेडच्या त्याच तुकडीची संलग्नता केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे आहे का? संस्था संलग्न असते आणि नवी तुकडी नसते, असेही घडू शकते. केंद्राच्या पोर्टलवर संस्थेचे नाव टाकून पाच मिनिटांत हे तपासता येते. तीन-चार महिन्यांच्या कौशल्य विकास अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र वेगळे आणि आयटीआयचे वेगळे. पहिले दाखवून दुसऱ्याची नोकरी मिळत नाही.

चौथी गोष्ट, प्रवेशाआधी वर्कशॉप पाहायला जा. ऑफिसातल्या सोफ्यावर बसून परत येऊ नका. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत, त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. एका तुकडीत २४ प्रशिक्षणार्थी. मग वर्कशॉपात जाऊन मोजा : चालू स्थितीतली इंजिने किती? गाडी वर उचलायची लिफ्ट चालते का? स्कॅनर आहे का, आणि तो कपाटात सीलबंद आहे की पोरांच्या हातात? कॉमन रेलचे किंवा बीएस-६ चे इंजिन आहे की तीस वर्षांपूर्वीच्या जीपचे इंजिन रंगवून ठेवले आहे? शिल्प निदेशक कायम आहे की तासिकेवर, आणि त्या ट्रेडचाच आहे की दुसऱ्याच ट्रेडचा माणूस दोन वर्ग सांभाळतो? शेवटच्या वर्षाच्या पोरांना बाहेर गाठून विचारा, "दादा, गिअरबॉक्स स्वतः उघडला का?" त्याचे उत्तर माहितीपत्रकापेक्षा खरे असते.

जिथे हजेरी न लावता पास करून देण्याचे आश्वासन मिळते, तिथून उठून या. नियमाने ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकात ६० टक्के गुण लागतात. घरी बसून मिळालेला कागद गाडीचे बॉनेट उघडल्यावर उघडा पडतो, आणि मग लोक म्हणतात, 'कोट्यातला होता.' दोष संस्थेचा, आणि बदनामी आपली.

पाचवी गोष्ट, खासगी संस्थेत जायची वेळ आली तर प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने खासगी व्यावसायिक संस्थांतही आरक्षणाचे तत्त्व आणले. पण संस्थास्तरावर, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती आणि फीमाफी मिळण्यात अडचण येते. 'आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' हे वाक्य ऐकले की सावध व्हा आणि लेखी मागा. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नका. आमच्या ओळखीतल्या एका पोराची मूळ गुणपत्रिका एका खासगी संस्थेने फी थकली म्हणून अडवून धरली होती. चकरा मारून मारून ती सुटली, पण तोवर एका भरतीची तारीख निघून गेली.

कागदांचे काम मे महिन्यातच उरका. जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते. बौद्ध मुलांनी राज्याच्या नमुन्याबरोबर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखलाही काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण रेल्वे किंवा आयुध निर्माणीच्या उमेदवारीच्या वेळी योग्य नमुन्यातला दाखला नसला तर तो हक्क फाईलमध्येच राहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेत आपला ट्रेड बसतो का, हे समाजकल्याण कार्यालयात प्रवेशाआधीच विचारून घ्या. मेळघाटच्या पायथ्यापासून, तेल्हारा-पातूरच्या खेड्यांतून येणाऱ्या पोराचे शिक्षण बहुतेक वेळा बुद्धीपायी सुटत नाही, खोलीभाडे आणि डब्यापायी सुटते. सरकारची नियत पाहायची असेल तर एवढेच लक्षात ठेवा : शासकीय आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्याला मिळणारे विद्यावेतन वर्षानुवर्षे महिन्याला ४० रुपये होते. ते ५०० करायला २०२३ साल उजाडले.

खरी लढाई उमेदवारीची

आयटीआय पास होऊन घरी बसलेली पोरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, 'करून काय मिळाले?' त्यांच्यातले बहुतेक उमेदवारीपर्यंत म्हणजे अप्रेंटिसशिपपर्यंत गेलेलेच नसतात. आयटीआयने हात तयार होतो, उमेदवारीने मिस्त्री तयार होतो.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्या कायद्यात १९७३ मध्ये कलम '३ अ' घातले गेले. त्या कलमाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखीव आहेत. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये जे मागितले, ते ३१ वर्षांनी कायद्यात आले. नोकरीतल्या आरक्षणावर आपण मोर्चे काढतो, पण उमेदवारीतल्या आरक्षणावर शेवटचा मोर्चा कधी काढला? खासगी शोरूम, सर्व्हिस स्टेशन, कारखाना यांनाही हा कायदा लागू आहे. म्हणजे खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण घोषणा देतो, आणि जिथे ते कायद्याने आधीच दिलेले आहे, तो कागद उघडूनही पाहत नाही.

आपल्या दारात काय आहे ते पाहा. एसटी महामंडळाचे अमरावती आणि अकोला हे दोन्ही विभाग आहेत, दोन्हीकडे विभागीय कार्यशाळा आहेत. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, शीट मेटल अशा ट्रेडचे उमेदवार तिथे घेतले जातात. अकोला आणि बडनेरा ही स्टेशने मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. मध्य रेल्वे भुसावळकडे उमेदवार घेते, आणि निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. म्हणून आयटीआयचे गुण 'नुसते पास व्हायचे' एवढ्यापुरते नसतात. ज्या रेल्वेच्या वर्कशॉपात आपला माणूस हमालाच्या वर चढत नाही म्हणून बाबासाहेब मनमाडला बोलले, तिथे आज राखीव जागेवर अर्ज करायचा आणि आपण जाहिरातही वाचायची नाही, हे बरे नव्हे.

उमेदवाराला विद्यावेतन मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय पास उमेदवारासाठी ते महिन्याला किमान ७,००० रुपये ठरवले होते. शोरूमवाला 'ट्रेनी' म्हणून राबवून घेत असेल आणि करार पोर्टलवर नोंदवलेला नसेल, तर ती उमेदवारी नव्हे, वेठबिगारी आहे. करार नोंदला गेला का ते पहिल्याच महिन्यात तपासा. शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातात पडले पाहिजे.

आणि वर्कशॉपात आडनाव विचारून काम वाटले जात असेल, झाडू नेहमी आपल्याच पोराच्या हातात येत असेल, तर गप्प बसू नका. वर्कशॉप झाडणे हा प्रशिक्षणाचा भाग असेल तर तो पाळीपाळीने सगळ्यांचा असला पाहिजे. तक्रार लेखी द्या, प्राचार्यांची पोच घ्या. पोरगा एकटा असेल तर संघटनेने सोबत जावे.

पोरींचे काय?

हा सगळा लेख 'पोरगा, पोरगा' करत आला, कारण समाजात चर्चा तशीच होते. पण राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, मोटार मेकॅनिकमध्येसुद्धा. आपल्या मुलींना शिवण आणि ब्युटी पार्लर सुचवले जाते. स्कॅनर चालवायला, वायरिंग तपासायला, सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड सांभाळायला पुरुषी ताकद लागत नाही. एसटीच्या कार्यशाळांतही महिला काम करतात. सावित्रीमाईचे नाव घेणाऱ्या घराने 'पोरीची जात, ग्रीसचे हात बरे दिसत नाहीत' म्हणू नये.

संघटनांनी काय करावे?

आम्ही चार कामे सुचवतो. एक, दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी आयटीआयला भेट देऊन ट्रेड, तुकड्या, निदेशक आणि यंत्रांची खरी यादी करावी आणि ती गावोगावी पाठवावी. निदेशकाची जागा रिकामी असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा आणि अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयात निवेदन द्यावे. दोन, प्रवेशाच्या दिवसांत बुद्धविहारात एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक जाणता माणूस बसवावा. विकल्प तिथे भरले जावेत. तीन, आपल्या समाजातले जे एसटीत, रेल्वेत, सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक, फोरमन आहेत, त्यांची यादी करून प्रत्येकाने दोन पोरे दत्तक घ्यावीत. ज्याचा मामा गॅरेजवाला नाही त्याचा मामा चळवळीने व्हावे. चार, जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा वेगळा काढून त्यातून पान्यांचे संच आणि एक चांगला स्कॅनर घ्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात काय काय येते याचा हिशेब मंडळांनी स्वतःच करावा.

यंदा दहावीचा निकाल लागेल तेव्हा सत्काराच्या यादीशेजारी दुसरी यादीही करा : आपल्या वस्तीतून कोण कोणत्या आयटीआयला, कोणत्या ट्रेडला गेला, आणि दोन वर्षांनी कोण उमेदवारीला लागला. ज्या संघटनेकडे ही दुसरी यादी आहे, तिने मनमाडचे भाषण पूर्ण वाचले असे आम्ही समजू.

जय भीम!